वाचून दाखवल्याशिवाय सही नाही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर घरच्यांना वाटतं, मी वडिलांचं नाव घेईन. वडिलांनी पुलगावात कापसाच्या गाठी वाहून मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण वडिलांच्या करण्याला उपकार म्हटलं तर तेच रागावतील. मी नाव घेतो ते सरांचं. नोकरीतला पहिला मेमो मला त्यांनी दिला. त्यांचं खरं नाव मात्र इथे लिहिता येत नाही, कारण हे लिखाण अजून त्यांना वाचून दाखवायचं आहे, आणि त्याआधी नाव घालणं त्यांच्या नियमात बसत नाही.

वर्ध्यात मुलांच्या संरक्षणाचं काम पाहणारं आमचं लहानसं सरकारी कार्यालय आहे. हरवलेली, घर सोडून आलेली, कामावरून सोडवलेली मुलं आमच्याकडे येतात. मूल घरी जाईल की संस्थेत राहील, हे एक समिती ठरवते. मुलाच्या घरी जाऊन, चौकशी करून समितीपुढे अहवाल ठेवायचा, हे आमचं काम. मला तिथे कंत्राटावर लागून वर्ष झालं होतं, तेव्हा सर आमचे अधिकारी म्हणून बदलून आले.

माणूस इतका उंच की आमच्या दारातून येताना त्यांना वाकावं लागे. पहिल्याच आठवड्यात ते डब्याच्या पिशवीतून करवत घेऊन आले. दुपारी आम्ही जेवत असताना त्यांच्या खोलीतून खरखर ऐकू येऊ लागली. शिपाई काका बघून आले आणि म्हणाले, "साहेब खुर्ची कापून राह्यले."

आम्ही गेलो. अधिकाऱ्याची लाकडी खुर्ची उलटी पडली होती. दोन पाय अर्धे झाले होते, तिसऱ्यावर काम चाललं होतं.

"धर जरा," सर मला म्हणाले. "हालते."

"सर, ही सरकारी खुर्ची आहे."

"मीबी सरकारीच आहो. मले कापता येत नाई, म्हनून तिले कापून राह्यलो."

झालं असं होतं की आदल्या दिवशी सहा वर्षांचं एक मूल त्यांच्या टेबलासमोर उभं राहून वर बघत बोलत होतं. "लेकरू माह्याशी बोलून राह्यलं का पंख्याशी, तेच समजेना," असं सरांचं म्हणणं. वरच्या कार्यालयातून खुलासा मागवला गेला: शासकीय वस्तूची उंची विनापरवानगी का कमी केली? सरांनी दोन ओळींत उत्तर पाठवलं. "खुर्ची उंच असल्याने बालकास अधिकाऱ्याच्या नाकपुड्या दिसत होत्या. आता डोळे दिसतात." त्यावर पुढे कोणी काही विचारलं नाही. त्या बुटक्या खुर्चीत बसले की सरांचे गुडघे कानांशी येत. शिपाई काका मागून त्यांना 'बसलेला उंट' म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा चहा उशिरा आला तेव्हा ते काकांना म्हणाले, "उंटालेबी तहान लागते, काका."

आमच्या भागात मायबापालाही 'तू' म्हणायची रीत आहे. सर आम्हा सगळ्यांना 'तू' म्हणत. मुलांना मात्र 'तुम्ही'. "बसा. पानी घेता का?" एका सात वर्षांच्या मुलाला त्यांनी असं विचारलं तेव्हा तो मागे वळून बघायला लागला, आपल्यामागून कोण मोठा माणूस आला म्हणून.

यावरून कोणाला वाटेल की त्यांना मुलं फार आवडत. तसं मुळीच नव्हतं. एकदा नागपूरहून प्रशिक्षणाला एक बाई आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना विचारलं, तुम्ही या कामात का आलात? आम्ही एकामागून एक सांगितलं की मला मुलं आवडतात. सरांची पाळी आली. ते म्हणाले, "मले नाई आवडत. लय कालवा करतात."

बाई हसल्या. सर हसले नाहीत. "पानीपुरवठ्याच्या इंजिनेराले कोनी इचारते का बाई, तुले पानी आवडते का म्हनून? नळाले पानी आलं पाह्यजे, बस."

टेबलाच्या खणात आम्ही चॉकलेटं ठेवत असू. ती त्यांनी बंद केली. म्हणाले, चॉकलेट खाल्लेलं लेकरू आपल्याला जे ऐकायचं असतं तेच सांगतं. मुलांच्या डोक्यावरून हात फिरवलेलाही त्यांना चालत नसे. "त्याईनं इचारलं का तुले, फिरव म्हनून?"

एका मोठ्या पाहुण्याच्या वाढदिवसाला मुलांच्या बालगृहात वह्या वाटायचा कार्यक्रम ठरला. पेपरवाले आले, फोटोवाला आला. संस्थेतल्या मुलांचा चेहरा छापायचा नाही असा कायदा आहे, पण अशा दिवशी तो कोणाला आठवत नाही. सर मागे उभे होते. वह्या वाटून झाल्या, फोटोवाल्याने कॅमेरा वर केला, तेवढ्यात सर मुलांना म्हणाले, "आता सारे वही उघडा अन् पहिलं पान वाचा पाहू." दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मधोमध हसणारे पाहुणे, आणि दोन्ही बाजूंना पाय फुटलेल्या वह्यांची रांग. पाहुण्यांचा फोन आला. सर म्हणाले, "तुमचाच चेहरा यावा अशी इच्छा होती न भाऊ तुमची? तोच आला."

आता तो नियम सांगतो, ज्याच्यावरून आम्ही त्यांना सगळ्यांत जास्त हसत असू. मुलाबद्दल लिहिलेला प्रत्येक अहवाल, ज्याने लिहिला त्याने, सरांच्या समोर त्या मुलाला वाचून दाखवायचा. मुलाच्या घरच्या बोलीत. मग मुलाने उलट सांगायचं की काय समजलं. त्यानंतरच सरांची सही. मुलाने नुसती मान हलवली तर ते म्हणत, "मान हालली. आता तोंडानं सांगा." यात एकेका मुलामागे तास जाई. सुरुवातीला मी कार्यालयातली मराठी धडाधड वाचून मोकळा होत असे. एकदा 'कौटुंबिक वातावरण समाधानकारक' असं वाचलं तर त्यांनी मला थांबवलं. "तुही माय म्हनते का घरी, पोरा, आज भाजी समाधानकारक आहे?"

मला राग यायचा. मी एम.एस.डब्ल्यू. झालेला माणूस, आणि मला पहिलीतल्या पोरासारखं वाचायला लावतात, असं वाटायचं.

ती मुलगी चौदा वर्षांची होती. तिचं नाव लिहिणार नाही. पुलगाव स्टेशनच्या बाकावर शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसलेली रेल्वे पोलिसांना सापडली. आठ दिवस ती वर्ध्याला मुलींच्या बालगृहात होती. जो कोणी विचारी, घर का सोडलं, त्याला तिचं एकच उत्तर: "घरी काम लय आहे." मग तिचा मामा आला. रोहण्याच्या पुढच्या एका लहान गावचा. स्वच्छ कपडे, हळू बोलणं. "स्वतःच्या लेकरापरिस जास्त जपतो जी मी तिले," असं तो सगळ्यांना सांगत होता.

त्याच्या घरी जाऊन अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एस.टी.ने रोहण्यापर्यंत गेलो. पुढे गावाला जायला गाडी नव्हती. ऊन कडक होतं. मी चहाच्या टपरीवर बसलो आणि त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला.

"घर एकदम चांगलं आहे साहेब," तो म्हणाला. "तुमी कायले उन्हात येता? मी सांगतो न."

मी त्याच एस.टी.ने परत आलो.

आमच्या कार्यालयाच्या संगणकावर एक फाईल होती. तिचं नाव 'घरभेट नमुना'. कोणी केली, कोणाला ठाऊक नाही. माझ्या आधीपासून होती. ती उघडायची, मुलाचं नाव, वय, गाव बदलायचं आणि छापायची. गाडी नसली, वेळ नसला की सगळे असंच करत. मला हे खोटं वाटत नव्हतं. मी शाळेत निबंध पाठ करून लिहिणारा मुलगा. नमुना म्हणजे माझ्या दृष्टीने बरोबर उत्तर. त्या दिवशी अहवाल छापताना माझ्या मनात काहीही आलं नाही. पुढे जे झालं त्याच्यापेक्षा मला आजही याच गोष्टीचा धक्का जास्त बसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समिती बसणार होती. मुलीला मामाच्या ताब्यात द्यायचा आदेश टाईप होऊन तयार होता. मामा बाहेरच्या बाकावर बसला होता, मांडीवर पिशवी, पिशवीत तिच्यासाठी नवा ड्रेस. सरांनी मुलीला खोलीत बोलावलं. "बसा," म्हणाले. ती साध्या खुर्चीवर, सर बुटक्या खुर्चीत, मी उभा.

मी वाचलं, शिकवल्याप्रमाणे तिच्या बोलीत. घर पक्कं आहे. घरात लाईट आहे. घरातलं वागणं-बोलणं चांगलं आहे. आई मुलीची काळजी घेते. मुलीले घरी जायाचं आहे.

"काय समजलं, सांगा," सर म्हणाले.

 तिने मला विचारलं, "माही माय भेटली तुमाले?"

मला कळेना. मी म्हटलं, "अं?"

"त्यात लिहलं न. आई काळजी घेते म्हनून. कुठं भेटली? मामाच्या घरी आली का ते?" तिने हात पुढे केला. मी कागद दिला. ती आठवीत होती, तिला वाचता येत होतं. तिने ओळ शोधली आणि 'आई' या शब्दाखाली बोट ठेवलं. "मामा तं म्हने, मी लहान होती तवाच मेली. मंग मामानं खोटं सांगतलं का मले?"

आठ दिवसांत पहिल्यांदा ती ताठ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही, आणि पाहायची इच्छा नाही.

मी सरांकडे बघितलं. मला वाटलं, ते काहीतरी बोलून सांभाळून घेतील.

"सांग त्याईले," सर म्हणाले. "तुनं लिहलं, तूच सांग."

मी सांगितलं. तुझ्या गावाला मी गेलोच नाही, हे वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी अहवालातलं आहे, ते पुसायचं राहून गेलं. तुझ्या आईचं त्यात काही नाही. हे बोलायला मला किती वेळ लागला सांगता येणार नाही. ती रडली नाही. रडली, असं मी आधी लिहिलं होतं. ते का खोडलं ते पुढे येईल. तिने बोट कागदावरून उचललं आणि हात मांडीवर ठेवले.

मग सरांनी तो प्रश्न विचारला जो त्या आठ दिवसांत आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

"तुमाले घरी जायाचं आहे का?"

"नाई."

"काऊन?"

"लगन लावून राह्यले माहं. पुढच्या हप्त्यात."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "घर काऊन सोडलं ते इचारलं सगळ्याईनं. सांगतलं असतं तं मामाले फोन गेला असता. घरी जायाचं का, असं कोनी इचारलं?"

सर उठले. तिच्या समोरचा कागद घेतला आणि मला दिला. "याच्यावर लिही. मी गेलो नाई, असं. अन् सही कर."

"सर, माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित," ते म्हणाले. "त्याईचं काय जात होतं ते पाह्य."

मी लिहिलं. आदेश थांबला. मामाने बाहेर बराच आवाज चढवला, मग पिशवी बाकावरच टाकून निघून गेला. त्याच दुपारी सर, दोन पोलीस आणि मी जीपने त्या गावाला गेलो. टपरीपासून गाव फक्त वीस मिनिटांवर होतं.

घर मातीचं होतं. लाईट नव्हती. अंगणात मांडवाचे खड्डे खणून झाले होते. आत फळीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. पोलिसांनी एक पत्रिका काढून सरांना दिली, सरांनी मला. वर तिचं नाव छापलेलं. खाली निमंत्रकांच्या नावांत दुसरं नाव पोलीस पाटलाचं. ज्याने मला फोनवर घर चांगलं असल्याचं सांगितलं होतं त्याचं. माझ्या अहवालात त्याच्याबद्दल लिहिलेलं होतं: गावातील जबाबदार व्यक्तीकडून खात्री करण्यात आली आहे. पूर्ण अहवालात गावाचं आणि मुलीचं नाव सोडलं तर एक अक्षर खरं नव्हतं.

मला वाटलं, इथे हे संपलं. मुलगी वाचली, लग्न थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी कपाटातल्या बंद झालेल्या फाईली काढायला लावल्या. सर येण्याच्या आधीच्या. टेबल पुरलं नाही, म्हणून आम्ही त्या जमिनीवर मांडल्या आणि ते वाकून एकेक घरभेट वाचत गेले. आई मुलीची काळजी घेते. आई मुलीची काळजी घेते. मुलग्यांच्या फाईलींतसुद्धा तेच, 'मुलीची'. कुठे बाप एकटा, कुठे दोघेही नाहीत, आणि अहवालात आई काळजी घेते. प्रत्येक मूल घरी जाण्यास इच्छुक. प्रत्येकाखाली सही-शिक्का.  शिपाई काकांनी चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. त्यातले तीन अहवाल माझे होते.

"या पोरीनं इचारलं, कारन तिले वाचून दाखवलं," सर म्हणाले. "याईले कोनी वाचूनच नाई दाखवलं."

त्यांनी हाताने यादी केली. निवृत्तीला त्यांचे काही महिनेच उरले होते. ते महिने दर रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवर यादीतल्या घरांना जात होतो. पुढे सर, गुडघे बाहेर काढून. मागे मी, फाईल छातीशी धरून. बरीच मुलं ठीक होती, शाळेत जात होती, आम्हाला बघून लाजत होती. काही ठीक नव्हती. एका घरी आम्हाला जे दिसलं त्यानंतर सर परतीच्या वाटेवर स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी घेतली नाही. त्या मुलाला आम्ही बाहेर काढलं, पण त्याची दीड वर्षं तिथे गेली होती.

मेमो मला मिळाला तो त्याच काळात. सरांनी त्यात एकही गोष्ट लपवली नाही. घरभेट केली नाही, नमुना वापरला, खोटा अहवाल सादर केला. शेवटची ओळ अशी होती: सदर कर्मचाऱ्याने आपली चूक बालकासमोर स्वतः सांगितली. मेमो त्यांनी मला समोर बसवून वाचून दाखवला, आणि वर म्हणाले, "काय समजलं, सांग." मी सांगितलं. मग त्यांनी सही केली. त्या शेवटच्या ओळीमुळे माझी नोकरी ताकीद देऊन राहिली असं सगळे म्हणतात. मी एकदा आभार मानायला गेलो तर सर म्हणाले, "मी तुले वाचवलं नाई. जे झालं ते लिहलं."

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी सत्कार घेतला नाही. करवत मात्र खणात ठेवून गेले. 'घरभेट नमुना' ही फाईल त्यांनी माझ्या हातून पुसून घेतली होती. आता ते बोरगाव मेघेला राहतात. मी त्यांना काल पाठवलेलं पत्र इथे जोडतो.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. मी तुमच्याबद्दल काही पानं लिहिली आहेत. नियमाप्रमाणे रविवारी सकाळी येऊन वाचून दाखवीन. खुर्चीचं लिहिलं आहे, उंटाचंही लिहिलं आहे. जे चुकलं असेल ते तिथेच खोडू. नाव घालायचं की नाही तेही तुम्ही सांगाल तसं.

यादीतली सगळी घरं झाली, एक सोडून. त्या घराला मागच्या महिन्यातही कुलूप होतं. शेजारी म्हणतात, लोक कामाला बाहेर गेले, कुठे ते माहीत नाही. तो अहवाल माझा होता. मी या महिन्यात पुन्हा जाणार आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

तुमच्या आधी मी हे पुलगाव स्टेशनवरच्या त्या मुलीला वाचून दाखवलं, कारण तिच्याबद्दलही यात लिहिलं आहे. ती आता मोठी झाली, नर्सिंगला आहे. काय समजलं ते तिने न चुकता सांगितलं. मग दुरुस्ती सांगितली. 'ती रडली' असं मी लिहिलं होतं. ती म्हणाली, "मी नाई रडली. तुमी रडले होते." मला ते आठवत नाही, पण तिला आठवतं, म्हणून माझं वाक्य खोडलं.

तिच्या आईबद्दलचा भाग काढून टाकू का, असं मीच तिला विचारलं. तिने ते पान माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "राहू द्या. तुमी वाचलं, अन् मंग खोटं आहे म्हनून सांगतलं. मधात तेवढा वेळ माही माय जिती होती."

म्हणून तो भाग ठेवला आहे. रविवारी तिथपर्यंत आलो की मला वाचायला थोडा वेळ लागेल. तुम्ही घाई करू नका.

तुमचा आज्ञाधारक